पीडिता आणि आरोपी : बेंगळुरूच्या न्यायव्यवहारातील एका नोंदीचा इतिहास

२०२४ साली बेंगळुरू येथील कर्नाटक उच्च न्यायालयाने एका तरुण स्त्रीविरुद्धची फौजदारी कारवाई रद्द केली. प्रकरण २०१३ मधले, उडुपी जिल्ह्यातले. देहविक्रयासाठी नेल्या जात असलेल्या स्त्रियांपैकी ती एक होती. तथापि पोलिसांच्या कागदपत्रांत तिचे नाव आरोपींच्या यादीत गेले होते. तिला लावण्यात आलेले कलम अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यातील पाचवे, म्हणजे एखाद्या व्यक्तीस या व्यवसायासाठी मिळविणाऱ्या, फूस लावणाऱ्या अथवा नेणाऱ्यास शिक्षा सांगणारे होते. न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी या कलमाचे शब्द तपासले आणि वेश्याव्यवसायाला बळी पडलेल्या स्त्रीला शिक्षा व्हावी असे त्यांतून कोठेही निघत नाही, असा निर्वाळा दिला. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे, तर कलमातील क्रियापद सकर्मक आहे आणि पोलिसांनी कर्माला कर्त्याच्या जागी बसविले होते. ही चूक दुरुस्त होण्यास अकरा वर्षे लागली.

ती चूक एखाद्या ठाण्यातील लेखनिकाच्या हलगर्जीपणामुळे घडली असे मानले, तर प्रश्न लवकर मिटतो. पण अपव्यापाराला बळी पडलेली स्त्री आणि कायद्याने दोषी ठरलेली स्त्री यांच्या नोंदी एकाच वहीत, पुष्कळदा एकाच नावापुढे, सापडाव्यात अशी व्यवस्था दक्षिण आणि पश्चिम भारतातील कायद्यांनी गेल्या शतकभरात घडविली. त्या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचे मार्ग कोणते होते आणि ते कोणाला उपलब्ध झाले, हा येथील विवेचनाचा विषय आहे. बेंगळुरू हे त्यासाठी सोयीचे केंद्र ठरते, कारण आजच्या कर्नाटकात म्हैसूर संस्थान, मुंबई इलाखा, मद्रास इलाखा आणि हैदराबाद संस्थान यांचे कायदेशीर वारसे एकत्र आले आणि त्यांचा निवाडा या शहरात होऊ लागला.

प्रथम शब्दांकडे पाहणे आवश्यक आहे. कन्नड वृत्तपत्रे अशा स्त्रीला ‘संत्रस्ते’ म्हणतात, मराठी वृत्तपत्रे ‘पीडिता’. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले. पण मराठीत ‘संत्रस्त’ ही मनाची अवस्था उरली, तर कन्नडमध्ये पूरग्रस्तापासून बलात्कारितेपर्यंत सर्वांना सामावून घेणारी ती प्रशासकीय संज्ञा झाली. ‘आरोपी’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच आहे. छाप्याच्या वेळी जागेवर केल्या जाणाऱ्या दस्तऐवजाला महाराष्ट्रात ‘पंचनामा’ म्हणतात, कर्नाटकात ‘महजर’. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा दुसरा शब्द परका नाही. मराठेशाहीत गोतसभेने उभयपक्ष ऐकून, साक्षीदारांच्या निशाण्यांसह दिलेल्या निवाडापत्राला महजर म्हणत. त्यात वादी-प्रतिवादींच्या तकरीरा, त्यांचे म्हणणे, नोंदलेले असे. आजच्या महजरात खोलीचे माप, जप्त रोकड आणि पंचांच्या सह्या असतात. तिचे म्हणणे त्यात येत नाही.

नोंदीचा इतिहास बेंगळुरूच्या छावणीपासून सुरू करता येईल. १८६४ च्या छावणीविषयक कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोगविषयक कायद्याने ब्रिटिश सैनिकांसाठी असलेल्या स्त्रियांची नोंदवही ठेवणे, त्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करणे आणि आजारी आढळल्यास त्यांना बंद रुग्णालयात डांबणे यांना अधिकृत रूप दिले. या व्यवस्थेत स्त्री गुन्हेगार नव्हती. नोंदणी टाळली की ती गुन्हेगार होई. म्हणजे व्यवसाय क्षम्य आणि वहीबाहेर राहणे शिक्षापात्र. इंग्लंडमधील विरोधामुळे हे कायदे १८८८ च्या सुमारास मागे घेतले गेले, पण ‘नाव वहीत आहे’ या वाक्याला आलेला कलंकाचा अर्थ त्यानंतरही टिकला. छावणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या म्हैसूर संस्थानाच्या हद्दीत मात्र वेगळेच घडत होते. १९०९ मध्ये म्हैसूर सरकारने मुजराई खात्याच्या देवळांतील देवदासींची सेवा बंद केली. नंजनगूडच्या श्रीकंठेश्वर देवळातील देवदासींनी त्याविरुद्ध अर्ज केले. आपला हक्क शास्त्र आणि परंपरा यांवर आधारलेला आहे असे म्हणणाऱ्या या स्त्रियांना सरकारने कैदेत टाकले नाही. केवळ बेकार केले. शिक्षेची कल्पना अद्याप यायची होती.

ती आली तेव्हा दोन इलाख्यांनी दोन भिन्न मार्ग पत्करले, आणि हा फरक तपशिलाने पाहण्याजोगा आहे. १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा ‘देवदासी संरक्षण’ कायदा म्हणून ओळखला जातो. समर्पणाचा विधी करणारा, त्याला संमती देणारा, त्यात भाग घेणारा अथवा साहाय्य करणारा अशा सर्वांना त्याने एक वर्षापर्यंतची कैद सांगितली. मात्र जिचे समर्पण होत आहे ती स्त्री सोडून, असा स्पष्ट अपवाद त्यात होता. समर्पण झाले म्हणून तिला वैध विवाह करण्यास आडकाठी राहणार नाही, हेही त्याने सांगितले. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मराठी आणि कन्नड मुलखातून येणारी वाट याच कायद्याच्या हद्दीतून जात होती. त्याउलट, १९४७ च्या मद्रास कायद्याच्या शीर्षकात संरक्षणाचा उल्लेख नाही, समर्पणास प्रतिबंध आहे. आणि त्याच्या शिक्षेच्या कलमाखालील स्पष्टीकरणात असे नमूद केले आहे की, जिच्या बाबतीत हा विधी होतो त्या स्त्रीचाही शिक्षापात्र व्यक्तींत समावेश होतो. सोळा वर्षे पूर्ण झालेली असली की पुरे. बळ्ळारी जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात होता, आणि तेथील ‘बसवी’ ही याच प्रथेची स्थानिक शाखा होती.

एकच विधी, एकच देवीपरंपरा, बहुधा एकच जातिसमूह. बेळगावात ती संरक्षित आणि बळ्ळारीत ती दोषी. १९५३ मध्ये बळ्ळारी आणि १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात आले तेव्हा हे दोन परस्परविरोधी कायदे एका राज्यात नांदू लागले. सीमाप्रश्नाच्या वाङ्मयात भाषा, गावे आणि लोकसंख्येचे आकडे यांचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. बेळगाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना तेथील जोगतिणीची कायदेशीर अवस्था कोणत्या शेजारी जाऊन बसली, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतःचा समर्पण प्रतिबंधक कायदा केला. तो १९८४ मध्ये अंमलात आला. त्याने शिक्षा वाढविली: तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हेगार मुलीचे आईवडील, पालक वा नातेवाईक असल्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे. उद्देशाविषयी शंका नाही. पण मुलीला सोडणारी आई स्वतः पुष्कळदा बालपणी सोडली गेलेली असते, ही गोष्ट कायद्याच्या कालगणनेत बसली नाही. कालची पीडिता आजची आरोपी होते ती या वळणावर.

येथे बेंगळुरूशी निगडित एका ग्रंथाची कथा थोडे विषयांतर पत्करूनही सांगायला हवी. नंजनगूडला १८७८ मध्ये जन्मलेल्या आणि बेंगळूरचे नाव कायमचे आपल्या नावापुढे वागविणाऱ्या बेंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतील विदुषीने १९१० मध्ये मुद्दुपळनीचे ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य संपादित करून पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केले. मुद्दुपळनी ही अठराव्या शतकातील, तंजावरच्या प्रतापसिंह भोसले यांच्या दरबारातील गणिका-कवयित्री. म्हणजे मराठी राजसत्तेच्या आश्रयाने वाढलेली. १९११ मध्ये सरकारने हे काव्य अश्लील ठरवून जप्त केले. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास, तंगुटूरी प्रकाशम यांच्या कारकिर्दीत, ही बंदी उठविण्यात आली. जवळजवळ त्याच वेळी मद्रासच्या विधिमंडळात समर्पित स्त्रीला दोषी ठरविणारा कायदा आकार घेत होता. ग्रंथाला दोषमुक्ती मिळाली. त्याची नवी आवृत्ती निघाली, वाङ्मयेतिहासात त्याला मानाचे स्थान आले, आणि ‘एकेकाळी जप्त झालेला ग्रंथ’ ही त्याची नोंद आज भूषण ठरते. ज्या समाजातील स्त्रीने तो लिहिला आणि ज्या समाजातील स्त्रीने तो छापला, त्या समाजातील स्त्रीच्या नावापुढील नोंदीला असे भाग्य लाभले नाही. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासात ग्रंथावरील बंदीचा इतिहास मोठ्या तपशिलाने लिहिला जातो, त्या मानाने ग्रंथकर्तीच्या जातकुळीवरील बंदीचा फार कमी.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या अपव्यापाराला मनाई केली आणि १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून १९५६ चा अखिल भारतीय कायदा झाला. १९५८ मध्ये तो अंमलात आला. या कायद्याची रचना मूळपासून दुभंगलेली आहे. त्याचा पूर्वार्ध कुंटणखाना चालविणारे, कमाईवर जगणारे, फूस लावणारे यांच्याविरुद्ध आहे. पण सातव्या कलमाने देऊळ, शाळा, रुग्णालय अशा सार्वजनिक जागांच्या आसपास व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला, आणि आठव्या कलमाने गिऱ्हाइकाला खुणावणाऱ्या स्त्रीला शिक्षा ठेवली. विसाव्या कलमाने दंडाधिकाऱ्याला तिला हद्दपार करण्याचाही अधिकार दिला. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध कौसल्या या कानपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे विसावे कलम वैध ठरविले. १९८६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव बदलले, स्त्री-पुरुष दोघांनाही बळी मानले. आठवे कलम मात्र राहिले, आणि त्यात पुरुषासाठी सात दिवस ते तीन महिने अशी वेगळी, तुलनेने सौम्य शिक्षा आली. स्त्रीसाठीची कमाल मुदत सहा महिने होती ती तशीच राहिली. शिवाय कुंटणखान्याच्या व्याख्येत दोन वा अधिक स्त्रियांच्या परस्पर लाभासाठी वापरली जाणारी जागाही येते. भाड्याच्या एका खोलीत आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया एकमेकींच्या संदर्भात कुंटणखान्याच्या चालक ठरू शकतात.

२०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेचे ३७० वे कलम नव्याने लिहिले गेले तेव्हा, अपव्यापाराचा गुन्हा ठरविताना बळी पडलेल्या व्यक्तीची संमती गौण आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. भारतीय न्यायसंहितेनेही तेच धोरण ठेवले. नेणाऱ्याचा गुन्हा ठरविताना तिची संमती विचारात घ्यायची नाही, आणि तिचा स्वतःचा गुन्हा ठरविताना ती गृहीत धरायची, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

ही गाठ सोडविण्याचे दोन प्रयत्न संसदेत झाले. २००६ च्या दुरुस्ती विधेयकात आठवे व विसावे कलम वगळण्याची सूचना होती. चौदावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. २०१८ चे अपव्यापारविषयक विधेयक लोकसभेने संमत केले, आणि तेही २०१९ मध्ये व्यपगत झाले. या दुसऱ्या विधेयकात बळी पडलेल्या व्यक्तीला तिच्या हातून धाकाखाली घडलेल्या गुन्ह्यांबाबत संरक्षण देण्याची तरतूद होती. पण कोणत्या गुन्ह्यांबाबत? मृत्युदंड, जन्मठेप अथवा दहा वर्षे कैद ज्यांना आहे, अशांबाबत. धाकाखाली खून करणाऱ्या स्त्रीला दार उघडे होते. धाकाखाली बसस्थानकाबाहेर उभे राहिलेल्या, सहा महिन्यांच्या कलमात अडकलेल्या स्त्रीला नव्हते. विधेयकाच्या मसुदाकारांनी हे जाणूनबुजून केले असे म्हणता येत नाही. छोट्या गुन्ह्याची नोंद छोटीच असते, असा समज त्यामागे असावा.

तो समज अनुभवाला धरून नाही. बेंगळुरूसारख्या शहरात घरकाम, शिवणकारखाने, रखवाली, इस्पितळांतील साफसफाई या सर्व कामांच्या वाटेवर आता पोलीस पडताळणीचा टप्पा आहे. पारपत्रासाठी तो आहे, भाड्याच्या घरासाठीही. पुनर्वसनाचा सरकारी कार्यक्रम तिला शिवणयंत्र देतो आणि तिची नोंद तिला शिवणकारखान्याच्या फाटकाशी अडवते. या नोंदीतून मुक्त होण्याचा, खास बळी पडलेल्या स्त्रीसाठी आखलेला मार्ग भारतीय कायद्यात नाही. जे आहेत ते इतर कारणांसाठी बांधलेले आडमार्ग होत. खटला अनिर्णित असेल तर उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराखाली तो रद्द करून घेता येतो. २०२४ चा निर्णय याच वाटेने आला, पण दंड भरून मोकळ्या झालेल्या स्त्रीला ही वाट सहसा मिळत नाही, आणि झटपट सुटका व्हावी म्हणून गुन्हा कबूल करून दंड भरणे हेच तिला बहुधा सुचविले जाते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे बारावे कलम दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते; दोषसिद्धी मात्र शिल्लक राहते. अठरा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे चोविसावे कलम नोंदी नष्ट करण्याची तरतूद करते. समजा, एकाच खोलीतून सतरा आणि एकोणीस वर्षांच्या दोन बहिणी बाहेर काढल्या गेल्या. धाकटीचा भूतकाळ कायदा पुसतो, थोरलीचा जपून ठेवतो. थोरलीलाही सतराव्या वर्षीच आणले गेले असेल, याला येथे महत्त्व नाही.

अन्यत्र या प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले गेले. २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्याने अपव्यापाराला बळी पडलेल्या व्यक्तीची वेश्याव्यवसायविषयक दोषसिद्धी मागाहून रद्द करण्याची तरतूद केली. अमेरिकेतील अनेक राज्यांनी पुढे तिचे अनुकरण केले. युरोप परिषदेच्या २००५ च्या कराराने, बळी पडलेल्या व्यक्तीला सक्तीने करविलेल्या कृत्यांसाठी शिक्षा न करण्याची मुभा कायद्यात असावी, असे २६ व्या अनुच्छेदात म्हटले. भारताने २०११ मध्ये ज्याला मान्यता दिली त्या २००० च्या पालेर्मो येथील प्रोटोकॉलमध्ये मात्र असे कलम नाही.

न्यूयॉर्कची ही तरतूद आदर्श म्हणून पुढे ठेवताना एक बाब नजरेआड होते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ती प्रथम दिसावी. अशी मुक्ती मिळविण्यासाठी स्त्रीला आपली हकीकत सांगावी लागते, आणि ती हकीकत ठरलेल्या घाटाची असावी लागते: मला आणले, मला डांबले, मी सुटले. या कथनात ‘मी’ला क्रियापद एकच मिळते, आणि तेही शेवटी. प्रत्यक्ष आयुष्यात आणल्या गेलेल्या स्त्रीने नंतर काही काळ राहण्याचे ठरविलेले असू शकते; घरी पैसे पाठविण्यासाठी, मुलासाठी, किंवा परत जाण्याजोगे घर न उरल्याने. एवढी कबुली दिली की घाट मोडतो आणि पीडिता पुन्हा आरोपीच्या रकान्यात जाते.

आधुनिक भारतीय भाषांतील आत्मकथने या घाटाला नाकारतात. नलिनी जमीला यांचे मलयाळम आत्मचरित्र २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, ए. रेवती यांच्या तमिळ आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद २०१० मध्ये आला, आणि त्यातील मोठा भाग बेंगळुरूच्या रस्त्यांवर, हमामांत आणि पोलीस ठाण्यांत घडतो. त्यांत छळ आहे, फसवणूक आहे, परंतु निवेदिका स्वतःला केवळ कर्मपदी ठेवत नाही. न्यायालयात ही पुस्तके पुरावा म्हणून दाखल केली, तर ती लेखिकांच्या विरुद्धच वाचली जातील, हे त्यांचे साहित्यिक सामर्थ्य आणि त्यांचा कायदेशीर धोकाही. मराठीत राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी सीमाभागातील समर्पणाचे वास्तव प्रथमच तळातून दाखविले. तथापि त्यांचा भर देवीवर, गावावर आणि कुटुंबावर आहे. त्याहून कितीतरी आधी, १९०९ च्या सुमारास, शिवराम जानबा कांबळे यांच्या ‘सोमवंशीय मित्र’मध्ये शिवूबाई या मुरळीचे पत्र प्रसिद्ध झाले होते. तिने दयेची याचना केली नव्हती. विवाह करून सन्मानाने जगण्याची इच्छा तिने बोलून दाखविली होती. तिला ‘दोषी’ ठरविणारा कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता, म्हणूनच बहुधा ती स्वतःच्या नावाने लिहू शकली.

अलीकडील निर्णयांतून हा पेच थोडा सैल झालेला दिसतो. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींची मुक्तता करताना, देहविक्रय हा स्वतःच गुन्हा म्हणून या कायद्यात सांगितलेला नाही, असे स्पष्ट केले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात, अटक, छापा वा सुटका यांच्या वेळी अशा स्त्रियांची ओळख माध्यमांनी उघड करू नये असे बजावले. मग त्या पीडिता असोत वा आरोपी. या शेवटच्या पाच शब्दांत न्यायालयाने प्रथमच दोन्ही रकाने एका ओळीत आणले. दंडसंहितेच्या २२८अ कलमाने १९८३ पासून दिलेले नावाचे संरक्षण बलात्काराच्या गुन्ह्यांपुरते होते. येथे आरोपी स्त्रीलाही नाव झाकून घेण्याचा हक्क असू शकतो, हे मान्य झाले.

नाव झाकण्याच्या बाबतीत बेंगळुरूच्या उच्च न्यायालयाचा आणखी एक आदेश उल्लेखनीय आहे. तो अपव्यापाराच्या प्रकरणातील नव्हे. २०१७ मध्ये एका पित्याने, आपल्या मुलीचे नाव जुन्या, तडजोडीने संपलेल्या खटल्याच्या आदेशात इंटरनेटवर शोधता येऊ नये, अशी विनंती केली. न्यायमूर्ती आनंद बायरारेड्डी यांनी स्त्रियांशी संबंधित नाजूक प्रकरणांत पाश्चात्त्य देशांत मान्यता पावत असलेल्या विस्मरणाच्या हक्काचा आधार घेतला आणि सार्वजनिक शोधात ते नाव दिसू नये यासाठी प्रयत्न करण्यास न्यायालयाच्या कार्यालयाला सांगितले. त्याच आदेशात पुढे असेही नमूद आहे की, उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असे काही करण्याची गरज नाही, आणि कोणी आदेशाची प्रमाणित प्रत मागितली तर तीत तिचे नाव असेल.